विद्यार्थ्यांचीं वृत्तपत्रें, नवीं यंत्रें व दप्तराचा प्रश्न

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा व्यासंग रुमाल, बखरी, महजर आणि सनदापत्रें यांच्याशीं असतो. त्यांच्यापुढें कॉलेजांतील मुलांच्या वर्तमानपत्रांचा विषय मांडावयाचा म्हणजे कित्येकांस तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु कागद कसा टिकतो, कोणाच्या हातीं टिकतो आणि कोणत्या कारणानें नष्ट होतो, या प्रश्नांचें ज्यास महत्त्व वाटतें त्यानें या पत्रांकडे दुर्लक्ष करूं नये असें आमचें मत आहे. छापण्याचें, नक्कल करण्याचें किंवा बातमी दूर पोंचविण्याचें नवें साधन निघालें, कीं तें हातीं घेण्यास विद्यार्थी कचरत नाहींत. जुन्या यंत्रांत गुंतलेलें भांडवल त्यांस सांभाळावयाचें नसतें, आणि मजुरी तर बहुधा फुकटच असते. मात्र जो उत्साहानें यंत्र आणतो तो तीन-चार वर्षांनीं पदवी घेऊन निघून जातो, व त्यानें मागें ठेवलेल्या सामानाचें काय करावयाचें हें पुढच्या तुकडीस ठाऊक नसतें. या लवकर स्वीकारांत लाभ किती व हानि किती, हें कांहीं प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसूरी संस्थानांत कोलंबिया हें एक विद्यापीठाचें गांव आहे. ९ जानेवारी १८९२ रोजीं तेथील विद्यापीठाची मुख्य इमारत आगींत जळून गेली. दर्शनी भागाचे सहा दगडी खांब तेवढे उभे राहिले, आणि ते पाडून न टाकतां पटांगणांत तसेच राखण्यांत आले. पुढें सहा वर्षांनीं, म्हणजे १८९८ सालीं, मिसूरीच्या वृत्तपत्रकारांच्या संघानें त्या संस्थानाच्या इतिहासाकरितां एक मंडळ स्थापिलें. 'स्टेट हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ मिसूरी' हें त्याचें नांव. वर्तमानपत्रें जमवून जपून ठेवणें हें या मंडळाचें एक मुख्य काम झालें. आज जें पत्र कवडीमोलाचें तेंच उद्यां साधन होतें, हें पत्रकारांनाच प्रथम कळावें यांत नवल नाहीं. परंतु कळून त्याप्रमाणें वागणारे थोडे.

त्याच गांवीं १९०८ सालीं वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स हे स्वतः पदवीधर नव्हते. छापखान्यांत व संपादकाच्या खुर्चींत त्यांचें शिक्षण झालेलें होतें. १४ सप्टेंबर १९०८ रोजीं शाळेचे वर्ग सुरू झाले, आणि त्याच दिवशीं विद्यार्थ्यांनीं तयार केलेल्या 'युनिव्हर्सिटी मिसूरियन' या पत्राचा पहिला अंक बाहेर पडला. पोहणें शिकवावयाचें तर पाण्यांत ढकलावें, असा हा प्रकार होता. हें पत्र कॉलेजापुरतें नव्हतें. गांवच्या कोर्टकचेऱ्या, बाजार व पाऊसपाणी यांच्या बातम्या तें देई, आणि गांवांतील इतर पत्रांशीं स्पर्धा करी. नांव कांहीं वेळां बदलून अखेर तें 'कोलंबिया मिसूरियन' असें कायम झालें. येथें एक खुलासा केला पाहिजे. हें पत्र सर्वस्वीं विद्यार्थ्यांच्या हातांतलें नव्हे. बातमीदार व छायाचित्रकार विद्यार्थी असतात, संपादनावर देखरेख अध्यापकांची असते. असें असूनही जें घडलें तें घडलें, म्हणून हें उदाहरण आम्हांस अधिक बोधक वाटतें.

घडलें तें असें. इतर पत्रांप्रमाणें या पत्रानेंही आपला मजकूर व पुढें छायाचित्रें संगणकांत सांठविण्यास आरंभ केला. हा संग्रह एका विशिष्ट प्रोग्रामाच्या आधारें बांधलेला होता, आणि तो प्रोग्राम कालांतरानें जुना होऊन मागें पडला. २००२ सालीं संग्रह ज्या संगणकावर होता तो अकस्मात् बिघडला. त्यांत १५ वर्षांचा मजकूर आणि ७ वर्षांचीं छायाचित्रें नाहींशीं झालीं. आग लागली नाहीं, पूर आला नाहीं, वाळवी लागली नाहीं, कोणी चोरी केली नाहीं. १८९२च्या आगीनें निदान सहा खांब मागें ठेवले होते.

आतां ज्यांस मोडी वाचतां येतें त्यांनीं या प्रसंगाचा विचार आपल्या अनुभवावरून करावा. मोडी शाळांतून गेली, वाचणारे कमी झाले, आणि लाखों कागद मुके होऊन पडले, अशी तक्रार आपण नेहमीं करतों. पण तो कागद मुका असला तरी हजर असतो. होतकरू माणसानें कांहीं महिने खपून अभ्यास केला तर तो पुन्हां बोलूं लागतो, कारण अक्षर डोळ्यांस दिसत असतें आणि त्याची किल्ली शेंकडों जुन्या कागदांत विखुरलेली असते. संगणकांतील संग्रहाची गोष्ट निराळी. तेथें अक्षर डोळ्यांस दिसतच नाहीं. त्याचे केवळ विद्युच्चुंबकीय अंश असतात, त्यांस अक्षराचें रूप देणारा प्रोग्राम असतो, आणि त्या प्रोग्रामास चालविणारें यंत्र असतें. या तिहींपैकीं एक गेलें, कीं बाकीचीं दोन असून नसल्यासारखीं होतात. मोडीचा वाचक पुन्हां तयार करतां येतो. बंद पडलेल्या कारखान्याचा प्रोग्राम पुन्हां तयार करण्याचा खर्च कोण करणार?

मिसूरियनच्या बाबतींत सर्वनाश झाला नाहीं, याचें श्रेय जुन्या पद्धतीस आहे. छापलेला अंक कागदावर निघतच होता, आणि वर सांगितलेलें मंडळ वर्तमानपत्रांचे सूक्ष्मपट घेऊन ठेवीत होतें. सूक्ष्मपट म्हणजे अंकाच्या प्रत्येक पानाचें अंगठ्याएवढें चित्र. तें वाचण्यास एक भिंग व एक दिवा एवढें साहित्य पुरतें. प्रोग्राम लागत नाहीं. त्यामुळें छापून प्रसिद्ध झालेला मजकूर पानें उलटून हुडकतां येतो. अमुक एका माणसाचें नांव १५ वर्षांत कोठें कोठें आलें, तें क्षणांत काढण्याची सोय मात्र गेली. छायाचित्रांची हानि याहून भारी आहे. वर्तमानपत्रांत छापलेलें चित्र लहान लहान ठिपक्यांचें असतें; मूळ छायाचित्रांतील बारकावे, पाठीमागच्या माणसांचे चेहरे, दुकानांवरील पाट्या, हें सर्व त्या ठिपक्यांत बुडून जातें, आणि सूक्ष्मपटावर तर केवळ काळें-पांढरें उरतें. जीं चित्रें संग्रहांत असून छापलींच गेलीं नव्हतीं, त्यांविषयीं बोलावयासच नको. शिलालेखाचा ठसा हातीं असतां मूळ शिळा फुटली तर जें दुःख होतें तें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

कोणी म्हणेल, हा दोष संगणकाचा, त्यापूर्वींच्या साधनांचा नव्हे. तें तितकेंसें खरें नाहीं. एडिसननें आपल्या विद्युत्-लेखणीचें पेटंट १८७६ सालीं घेतलें. लंडनमध्यें डेव्हिड गेस्टेटनरनें मेणकागदावर चाकाच्या लेखणीनें लिहून नकला काढण्याची युक्ति १८८१ सालीं सिद्ध केली, आणि शिकागोच्या ए. बी. डिकनें 'मिमिओग्राफ' या नांवाचें यंत्र १८८७ पासून विकण्यास आणलें. आपल्याकडे याच जातीच्या यंत्रास सायक्लोस्टाइल म्हणत. याशिवाय हेक्टोग्राफ म्हणून एक फारच स्वस्त साधन होतें. ताटांत सरसासारखा चिकट थर ओतावयाचा, जांभळ्या शाईनें लिहिलेला कागद त्यावर दाबून उचलावयाचा, आणि मग कोरे कागद एकामागून एक दाबून नकला काढावयाच्या. नांवाप्रमाणें शंभर प्रती काढावयाच्या हें नांवापुरतेंच. पन्नासाव्या प्रतीपर्यंत अक्षर फिकें होऊं लागे. छापखान्याचें बिल देण्याची ऐपत नसलेल्या शाळकरी संपादकांस हीं साधनें म्हणजे वरदानच वाटलें. परंतु ती जांभळी शाई उजेडांत उडते. सायक्लोस्टाइलची शाई त्या मानानें पक्की असते, तर त्यासाठीं वापरावयाचा शाई शोषणारा स्वस्त कागद पिवळा पडून घडीवर तुटतो. या अंकांच्या चाळीस-पन्नास प्रती निघत, आणि प्रत्येकाची समजूत अशी कीं दुसऱ्या कोणीतरी एक जपून ठेवली असेल. उलट, शाळेंतील मुलांनीं बोरूनें किंवा टाकानें लिहिलेलें हस्तलिखित मासिक एकच असतें, म्हणून तें कपाटांत जातें. बहुसंख्येनें निघालेली वस्तु दुर्मिळ व्हावी, आणि एकुलती एक वस्तु टिकावी, हा चमत्कार आमच्या संग्राहकांस अपरिचित नसावा. दरवर्षीं निघून दरवर्षीं फेंकलीं जाणारीं जुनीं पंचांगें मिळवितांना काय सायास पडतात, तें ज्यांनीं केले आहेत त्यांनाच माहीत.

आतां अगदीं नव्या साधनाकडे वळूं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रसिद्ध यंत्रविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचें 'दि टेक' नांवाचें पत्र १६ नोव्हेंबर १८८१ रोजीं सुरू झालें. तेव्हां तें विद्यालय बोस्टन शहरांत होतें. १९१६ सालीं तें चार्ल्स नदीपलीकडे केंब्रिज येथें गेलें, आणि पत्रही बरोबर गेलें. हें पत्र मात्र खरोखर विद्यार्थीच चालवितात. मे १९९३ मध्यें त्यांनीं आपला अंक 'वर्ल्ड वाइड वेब' या जाळ्यावर ठेवला. असें करणारें जगांतील पहिलें वर्तमानपत्र आपलें, असा त्यांचा दावा आहे.

हें त्यांस साधलें याचें कारण समजण्यासारखें आहे. या जाळ्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९च्या मार्च महिन्यांत स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेंत मांडली होती, आणि तिचे प्रोग्राम सर्वांस विनामूल्य वापरण्यास मोकळे केल्याचें त्या संस्थेनें ३० एप्रिल १९९३ रोजीं जाहीर केलें. म्हणजे दि टेकचा अंक लगतच्याच महिन्यांत गेला. केंब्रिजच्या विद्यालयांत १९८३ पासून विद्यार्थ्यांसाठीं परस्परांस जोडलेले संगणक जागोजाग बसविण्याची एक मोठी योजना चालली होती. तीमुळें जाळ्यावरचें पत्र वाचण्याचें साधन वाचकांजवळ आधींच होतें. तें नसतें तर तो अंक रानांत लावलेल्या दिव्यासारखा झाला असता. बाहेरच्या जगांतील वर्तमानपत्रांस हा वाचकवर्ग मिळण्यास अवकाश लागला.

पहिलेपणाच्या दाव्याविषयीं आमचें मत सांगतों. कॅलिफोर्नियांतील 'पालो आल्टो वीकली' हें पत्र १९९४च्या जानेवारीपासून आपला सर्व मजकूर नियमितपणें जाळ्यावर देऊं लागलें, आणि त्याच्या वतीनेंही पहिलेपणा सांगितला जातो. दोन्हीं दावे परस्परविरुद्ध नाहींत. आरंभ कोणी केला हा एक प्रश्न, आणि संपूर्ण मजकूर नेमानें कोणी दिला हा दुसरा. 'पहिला' या शब्दापुढें विशेषण न लावतां वाद घालण्याची खोड आपल्याकडेही आहे. 'पहिलें मराठी वृत्तपत्र' या विषयावर झालेली भवतिनभवति वाचकांस आठवत असेलच. आम्हांस पहिलेपणापेक्षां पुराव्याचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. कागदी अंकाच्या तारखेस कागद, शाई, टाइप, टपालाचा शिक्का, मालकाची सही अशी पांचपन्नास साक्ष असते. जाळ्यावरील पान म्हणजे आपल्या जुन्या शाळांतील धूळपाटी. नवा मजकूर लिहिला कीं जुना पुसला, आणि पुसल्याची खूण धुळीवर राहत नाहीं. अशीं पानें ठराविक काळानें टिपून ठेवण्याचें काम 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेनें हातीं घेतलें तें १९९६ सालीं. त्यापूर्वींच्या पानांस तिची साक्ष मिळत नाहीं.

याचें सर्वांत बोलकें प्रमाण खुद्द सर्नमध्यें सांपडतें. जाळ्यावरील अगदीं पहिलें पान कसें होतें तें तसेंच्या तसें कोणी ठेवलें नाहीं, कारण तें रोज सुधारलें जात होतें, आणि सुधारणाऱ्यांस आपण इतिहास लिहीत आहों अशी शंकाही आली नव्हती. २०१३ सालीं सर्ननें तें पुन्हां उभें करण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हां हातीं असलेली जुन्यांत जुनी प्रत १९९२ सालची निघाली. पुढें नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांतील एका अध्यापकानें आपल्याजवळच्या संगणकावर जपलेली १९९१ सालची प्रत पुढें आणली. जगांतील एवढ्या मोठ्या शोधाचें आद्य साधन एका दूरच्या माणसाच्या खासगी यंत्रांत सांपडावें! एखाद्या खेड्यांतील जोश्याच्या माळ्यावर दरबारी पत्रव्यवहार सांपडतो, त्याहून ही गोष्ट वेगळी नाहीं.

ज्या उदाहरणासाठीं आम्हीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, तें याच्या अगदीं उलट आहे. येथें मुलांस नवें यंत्र मिळालें नाहीं. होतें तेंही गेलें. प्रागपासून जवळ तेरेझिन नांवाचा अठराव्या शतकांतील एक किल्लेवजा गांव आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१च्या नोव्हेंबरपासून, जर्मन नाझी सत्तेनें तेथें यहुदी लोकांस आणून कोंडण्यास सुरुवात केली. एका जुन्या शाळेच्या इमारतींत मुलगे ठेवलेले होते. तिच्यांतील पहिल्या क्रमांकाच्या दालनांतील मुलांनीं वाल्टर आयसिंगर या तरुण शिक्षकाच्या उत्तेजनानें डिसेंबर १९४२ मध्यें एक साप्ताहिक सुरू केलें. त्याचें नांव 'वेदेम'. नांव ऐकून आमच्या वाचकांस वेदांची आठवण होईल. परंतु चेक भाषेंत त्याचा अर्थ 'आम्ही अग्रभागीं आहों' असा आहे. संपादक पेत्र गिन्झ हा त्या वेळीं १४ वर्षांचा होता.

पहिले सुमारें तीस अंक टंकयंत्रावर लिहिले गेले. पुढें त्या यंत्राची शाईची फीत संपली. नवी मिळण्याचा मार्ग नव्हता. तेव्हां उरलेले अंक मुलांनीं हातानें लिहिले. लेख, कविता, त्या बंदिस्त गांवांतील निरनिराळ्या कामांच्या जागा पाहून लिहिलेलीं वर्णनें, चित्रें, थट्टा, सर्व कांहीं त्यांत आहे. प्रत एकच असे. शुक्रवारीं रात्रीं सगळे जमले म्हणजे ज्यानें जें लिहिलें असेल तें तो वाचून दाखवी. प्रसाराचें साधन म्हणजे माणसाचा कंठ. हा उद्योग १९४४च्या शरदऋतूपर्यंत चालला. त्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस पेत्र यास औशविट्झकडे पाठविण्यांत आलें व तेथें त्यास मारण्यांत आलें. त्या दालनांतून गेलेल्या सुमारें शंभर मुलांपैकीं पंधराच्या आसपास जगले. आयसिंगरही वांचले नाहींत.

दप्तर वांचलें तें असें. एका मुलाचा बाप तेथील लोहारशाळेंत कामास होता, म्हणून तें कुटुंब पुढें धाडलें गेलें नाहीं. त्या मुलानें सर्व पानें लोहारशाळेंत दडवून ठेवलीं, आणि मे १९४५ मध्यें सुटका झाल्यावर तीं बरोबर आणलीं. सुमारें ८०० पानें आज उपलब्ध आहेत. सुटकेनंतरही हाल संपले नाहींत. चेकोस्लोव्हाकियांत १९४८ सालीं आलेल्या कम्युनिस्ट राजवटींत त्यांचें प्रकाशन होऊं शकलें नाहीं. टंकलेखनानें काढलेल्या नकला लोक एकमेकांस चोरून वाचावयास देत, आणि छापील पुस्तक निघावयास १९९०चें दशक उजाडावें लागलें. मूळ पानें तेरेझिन येथील स्मारकसंस्थेंत आहेत.

याच पेत्रच्या हातचें एक पेन्सिलचित्र आहे. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल तें त्यानें कल्पनेनें काढलें होतें. इलान रामोन या इस्रायली अंतराळवीरानें त्याची प्रतिकृति २००३ सालीं आपल्याबरोबर अंतराळांत नेली. परत येतांना १ फेब्रुवारी रोजीं तें यान फुटून सर्व प्रवासी मृत्यु पावले, व प्रतिकृतिही गेली. तो दिवस पेत्रच्या जन्मास ७५ वर्षें पूर्ण होण्याचा होता. मूळ चित्र जेरुसलेम येथील याद वाशेम या स्मारकसंस्थेंत सुखरूप होतें. यानाचें नांव 'कोलंबिया', आणि ज्या गांवीं १५ वर्षांचा मजकूर नाहींसा झाला त्याचेंही नांव कोलंबियाच, हा निव्वळ योगायोग. त्यांतून कोणी कांहीं अर्थ काढूं नये.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतों. नव्या साधनांचे आम्ही शत्रु नव्हों. दि टेकचे १८८१ पासूनचे अंक त्याच जाळ्यावर घरबसल्या पाहतां येतात, आणि याचा उपकार संशोधकांनीं विसरूं नये. पूर्वीं यासाठीं सातासमुद्रापलीकडे जावें लागलें असतें. परंतु त्यांतील जुन्या अंकांचीं पानें पाहतां येतात याचें कारण मूळ कागद कोणीतरी बांधून ठेवला होता. कागदावरून यंत्रांत जाण्याचा मार्ग नेहमीं मोकळा आहे. यंत्रांतून कागदावर येण्याचा मार्ग यंत्र चालत असे तोंवरच मोकळा. मिसूरीच्या लोकांनीं हें ध्यानांत घेऊन २०१४ सालीं, त्याच कोलंबिया गांवीं, जन्मतः संगणकांत असलेलीं वर्तमानपत्रें कशीं वांचवावींत यावर ग्रंथपाल, पत्रकार व तंत्रज्ञ यांची परिषद भरविली, आणि पुढें अशा आणखी परिषदा झाल्या.

आपल्या शाळाकॉलेजांतून निघालेलीं हस्तलिखित मासिकें, सायक्लोस्टाइल केलेलीं पत्रकें व अंक, आणि गेल्या तीसएक वर्षांत संगणकावर रचलेले विद्यार्थ्यांचे अंक ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांची यादी करून मंडळाकडे पाठवावी. यादींत शाळेचें नांव, साल, अंकांची संख्या, लिहिण्याचें किंवा नक्कल करण्याचें साधन आणि शाईचा रंग हीं कलमें असावींत. जांभळ्या शाईचे अंक उजेडांत मांडून ठेवूं नयेत. काळ्या वेष्टनांत बांधावेत, व अक्षर दिसत आहे तोंवर त्यांची नक्कल पक्क्या शाईनें करून घ्यावी. फ्लॉपी किंवा तबकडी असल्यास ती कोणत्या प्रोग्रामानें उघडत असे तें त्या वेळच्या विद्यार्थ्यांस विचारून वेष्टनावर लिहून ठेवावें. ते विद्यार्थी आज चाळिशी-पन्नाशींत असतील व बहुतेकांचा पत्ता शाळेच्या दाखल्यांवरून लागेल.